तबकडीचे दप्तर

हजार वेळा लिहावे आणि हजार वेळा पुसावे, असे अभिवचन घेऊन १९९७ साली बाजारात अवतरलेली सीडी-आरडब्ल्यू कालांतराने आमच्या कुपवाडच्या घरी आली, तेव्हा ती प्रथम फॉरमॅट करावी लागते, त्या विधीस पाऊण तास लागतो आणि तो आटोपल्यावर साडेसहाशे एमबीच्या मुलखातले शंभराहून अधिक एमबी तबकडीच्या अंतर्गत कारभारातच खर्ची पडतात, हे पाहून आमची खात्री पटली की यंत्र विलायती असले, तरी त्याचे दप्तर अस्सल सरकारी आहे.

पुढे ती मिरजेच्या स्नेह्याकडे नेली, तर त्याच्या विंडोज ९८ने तिला ओळखच दिली नाही. कारण त्यास यूडीएफ या तबकडीच्या लिपीची १.०२ ही आवृत्ती तेवढी अवगत, आणि आमची लिपी १.५०ची. त्याच्या जुन्या सीडी प्लेअरची हरकत निराळी : हिचे तेज साध्या सीडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच, सबब त्याची दृष्टी अधू ठरली. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एकाच महापालिकेच्या शिक्क्याखाली आले खरे. ती तिघे परस्परांस कितपत वाचू शकतात, हा प्रश्न तूर्त तहकूब ठेवू.

अखेर स्नेह्याने फ्लॉपी मागितली. मजकूर दोन पानांचा अर्ज होता.