आधी नियम समजून घ्या

नवघर रोडच्या कुठल्याही सोसायटीत गणपतीचं जागरण असलं, की रात्री साडेअकराच्या सुमारास चटईवर एक गृहस्थ हमखास अवतरतात. पत्ते त्यांचे नसतात, चटई त्यांची नसते, डावावर लावायला पैसे तर नसतातच. त्यांच्याकडे फक्त नियम असतात.

आमच्या नियमकाकांचं शिक्षण चर्चगेट लोकलमध्ये झालं. चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस आणि भाईंदर ते दादर अखंड मेंढीकोट. निवृत्त झाल्यावर ते मोबाइलवर पोकर शिकले. 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद पडले आणि आठवड्याभरात गणपती आले. विद्येला विद्यार्थी हवेच होते, ते मांडवात आयते मिळाले.

"तीन पत्ती विसरा," काकांनी सुरुवात केली. "आज टेक्सास होल्डेम."

पैशांऐवजी फुटाणे वाटले गेले. जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही, हे काकांनी ऐकवलं. पोकर तसा खेळ आहे की नाही, यावर वकीलमंडळी अजून भांडताहेत. पण काका वकील नसल्यामुळे त्यांना शंका नव्हती.

"प्रत्येकाला दोन पानं. मध्ये पाच उघडणार. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. सातांतली उत्तम पाच ती तुमची."

"मधली पाच कोणाची?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

"सगळ्यांची. आपल्या गच्चीसारखी."

"मग मेंटेनन्स कोण भरतं?"

"वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे. पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. पानं बघायच्या आधीच."

"खेळायचं नसलं तरी?"

"तरीही."

वहिनी पूर्वी सोसायटीच्या खजिनदार होत्या. त्यांना खेळ तिथेच समजला.

गाडं अडलं ते पुढे. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो, असं काका म्हणाले आणि तीन पत्तीवाले उसळले. सिक्वेन्स वर, कलर खाली, हे त्यांनी पाळण्यात शिकलेलं. "असं का?" या प्रश्नावर नियमकाकांच्या जातीचा माणूस नेहमी खोकतो. त्याला नियम पाठ असतो, कारण नसतं. शेवटी स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या एका मुलीने मोबाइलवर हिशेब मांडला. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. प्युअर वगळून त्यांत सिक्वेन्सचे 720 आणि कलरचे 1,096, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे हात 25,98,960. त्यांत कलरचे 5,108 आणि सिक्वेन्सचे 10,200. पारडं उलटलं. जे कमी वेळा येतं ते वर, एवढंच.

"मी हेच सांगत होतो," काका म्हणाले.

एकदाचा डाव वाटला. काका स्वतः खेळत नव्हते, मार्गदर्शन करत होते. म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "ही सत्ती-दुरी टाकून द्या हो. तुम्ही मात्र थांबा, बदामाचा राजा-राणी कोण सोडतं?" हे ऐकल्यावर राजा-राणीवाल्या जोशीबुवांखेरीज सगळ्यांनी पानं टाकली. मधलं एकही पान उघडलं नाही. जोशीबुवांना तीन फुटाणे मिळाले. त्यातले दोन त्यांनी आधी स्वतःच टाकलेले होते.

"याला ब्लफ करता येत नाही," काका जोशीबुवांकडे बोट दाखवत म्हणाले. "पोकरचा चेहरा कोरा हवा." मग कोरा चेहरा कसा असतो हे दाखवायला ते स्वतः बसले. त्यांना पानं मिळाली, त्यांनी ती पाहिली आणि लगेच चष्मा पुसायला घेतला. वहिनींनी सगळे फुटाणे पुढे सरकवले. काकांनी पानं टाकली.

दीडच्या सुमारास फुटाणे संपले, खाऊनच. कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, आपला मेंढीकोट खेळू. तिघे होते, चौथ्याची गरज होती. नाइलाजाने काकांनाच घेतलं. पानं पिसून झाली, वाटणारा पहिलं पान टाकणार इतक्यात काकांनी त्याचा हात धरला.

"बंद हुकूम की कट हुकूम? थांबा, वाटू नका. दोन्ही समजावून सांगतो."