अप्पा आणि चहाचा चोथा

पुण्याच्या वेशीवर रो-हाऊसची नवी वसाहत उभी राहिली, की नळाला पाणी यायच्या आधी अप्पा येतात. वास्तुशांतीचे पेढे संपलेले नसतात, दारावरच्या पाटीचा रंग वाळलेला नसतो, तोच फाटकावर काठी वाजते. "पुढे लॉन करा!"

अप्पा निवृत्त आहेत. कशातून, ते सांगायला झाडांमधून त्यांना सवड झालेली नाही. आपल्याला काही विचारायचं असेल, हे त्यांना ठाऊक असतं. पण आधी त्यांनी आपल्याला काही विचारायला हवं, हे ठाऊक नसतं. वसाहत टँकरवर जगते आहे, हे सांगेपर्यंत ते शेजारच्या घरी लॉन घालून मोकळे झालेले असतात.

"कुंपणाला अशोकाची रांग लावा. सीतामाई त्याच्याच खाली बसली होती!" नर्सरीवाला हौसेनं देतो तो उंच, सडपातळ, फांद्या अंगाशी धरून उभा राहणारा अशोक वेगळा, केशरी फुलांचा, डेरेदार सीताअशोक वेगळा. या रांगेतल्या झाडाच्या सावलीत सीता सोडा, सोसायटीचं मांजरसुद्धा दुपार काढू शकणार नाही.

"भिंतीलगत उंबर लावा. दत्ताचं झाड!" उंबराची मुळं पाण्याच्या शोधात ड्रेनेजच्या पाइपात शिरतात, असं कुणी चाचरत म्हटलं तर, "मग तोडू की!" शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, कायदा १९७५चा आहे, हे कळल्यावर अप्पा क्षणभरही न डगमगता म्हणाले, "मग पाइप हलवा."

आजारी झाडांना मात्र त्यांच्याकडे एकच औषध: चहाचा चोथा. गुलाबाला कळी नाही? चोथा. तुळस झडली? चोथा. तो धुऊन घालावा, हे अप्पा सांगत नाहीत. त्यामुळे ज्या घरात अप्पांचा शब्द चालतो, त्या घरच्या कुंड्यांवर मुंग्यांचं राज्य चालतं.

कोपऱ्यावरच्या वहिनींचं लिंबू पिवळं पडलं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. चोथा झाला, अंड्याची टरफलं झाली. शेवटी वहिनींनी चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, माती एकत्र कालवून अर्धा किलो पिशवीत भरली आणि शिवाजीनगरला मातीपरीक्षणाला दिली. अहवाल आला: सामू चढलेला, चुनखडी भरपूर. बिल्डरनं प्लास्टरचा राडारोडा आणि मुरूम दाबून वर चार बोटं लाल माती पसरली होती. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. त्यात टरफलं म्हणजे वर आणखी चुनाच! वहिनींनी राडारोडा उपसला, शेणखत घातलं, फेरस सल्फेट फवारलं. नवी पालवी हिरवी आली. अप्पा म्हणाले, "चोथ्याला वेळ लागतो, पण गुण येतो."

जानेवारीत वहिनी त्यांना एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला घेऊन गेल्या. हेतू अर्थातच अप्पांच्या शिक्षणाचा होता. तिथं रोपांजवळ एक वयस्क माळी बसला होता. अप्पांनी सवयीनं सुरुवात केली, "नारळ कुठंही येतो—" माळी म्हणाला, "ऊन किती तास असतं? पावसाचं पाणी कुठं तुंबतं? खाली मुरूम का काळी?" एवढं विचारून तो गप्प बसला. उत्तर मिळेपर्यंत त्यानं एकाही झाडाचं नाव घेतलं नाही. अप्पा भारावले. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "वहिनी, खरा जाणकार आधी विचारतो." वहिनींना प्रदर्शनाचं तिकीट वसूल झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबरमध्ये नवं बिऱ्हाड आलं. काठी वाजली.

"ऊन किती तास असतं? पाणी कुठं तुंबतं? खाली मुरूम का काळी?"

नवे मालक सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "काही का असेना. पुढे लॉन करा!"