विकतचं ऊन

आमच्या सांगलीचं उन्हाशी असलेलं नातं दडवादडवीचं आहे. तासगावच्या वाटेला लागलं की बेदाण्याच्या शेड दिसू लागतात. हिरव्या जाळीच्या आड, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली असतात, ती उन्हात नव्हे, सावलीत. थेट ऊन लागलं की बेदाणा काळवंडतो आणि भाव पडतो. हरिपुरात हळद ठेवायची ती जमिनीखालच्या पेवांत. तिथे उजेड सोडाच, वाराही परवानगी घेतल्याशिवाय शिरत नसे. एप्रिलच्या दुपारी गावच्या गाव पडदे ओढून आडवं होतं, आणि स्कूटरवरच्या मुली डोळ्यांपुरती फट ठेवून सारा चेहरा ओढणीत बांधून टाकतात. अशा मुलखात चार मिरच्या-टोमॅटोच्या रोपांसाठी दिव्याचं ऊन विकत घ्यायला निघालेली बाई एकतर फार शिकलेली असणार, नाहीतर तिला घरात दुसरं काम नसणार. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा या दोहोंतली मी कोणती, हे त्याचं अजून ठरायचं होतं.

पण गावात ऊन असणं वेगळं आणि ते आपल्या घरात येणं वेगळं. आमच्या गॅलरीसमोर दुसरी इमारत उभी आहे. सूर्य आधी त्यांच्याकडे जातो, तिथे सगळ्या मजल्यांवर विचारपूस करतो आणि उरलासुरला वेळ आमच्याकडे डोकावतो. त्यात रोपं टाकायची वेळ नेमकी पावसाळ्यातली. थंडीतली वांगी-टोमॅटो हवे असतील, दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर बी आषाढ-श्रावणातच ट्रेमध्ये पडायला हवं, आणि आषाढात ऊन म्हणजे सरकारी पाहुणा. येणार येणार म्हणतात आणि गाडी परस्पर निघून जाते. कोकोपीटमधून कोंब वर येतात, दोन इवली पानं उघडतात आणि लगेच साऱ्यांच्या माना खिडकीकडे वळतात. खोड दोऱ्यासारखं लांबतं, पानांचं ओझं त्याला पेलवत नाही, आणि एका सकाळी सगळा ट्रे दंडवत घालून पडलेला असतो. माळव्याची रोपं करणारे याला सरळ ‘रोप लांबलं’ म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत. जे बोलायचं ते त्या दोन शब्दांत आलेलं असतं.

उजेडाकडे झुकणाऱ्या या मानांचा नाद आपल्याआधी फार मोठ्या माणसाला लागला होता. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताचे कोंब घरात वाढवले, त्यांच्यावर एका बाजूने उजेड सोडला आणि काही कोंबांच्या शेंड्यांवर कथलाच्या वर्खाच्या टोप्या घातल्या. टोपी घातलेला कोंब वळला नाही. उघड्या डोक्याचा वळला. उजेड कळतो तो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग, हे त्यांनी १८८०च्या पुस्तकात लिहून ठेवलं. अवघ्या जीवसृष्टीची वंशावळ मांडून झालेला सत्तरीचा म्हातारा पोराला शेजारी घेऊन गवताच्या डोक्यावर टोप्या चढवत बसला आहे, हे चित्र मला फार आवडतं. आमच्याकडे याच्या उलट रीत आहे. आम्ही दसऱ्याला गव्हाचे कोंब उपटून आपल्याच टोपीत खोचतो.

तर दुकानदार. “कशाला पायजे हो वहिनी?” त्याने विचारलं. रोपांसाठी म्हटल्यावर त्याने आवाज किंचित उतरवला, “कसली रोपं?” मिरची, असं मी जरा जास्तच ठणकावून सांगितलं. या ग्रो लाइट नावाच्या वस्तूची कीर्ती सिनेमांनी थोडी बिघडवून ठेवलेली आहे. त्याने दाखवलेल्या खोक्यांवर आकडे मात्र दिपवणारे होते. एकावर १००० वॅट छापलेलं. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं की प्रत्यक्षात वीज खाणार त्याचा दहावा हिस्सा. एकाला हंसासारख्या वाकणाऱ्या चार माना, एकाला रिमोट. मिरचीचं रोप रिमोट कुठे ठेवणार, हे मी विचारलं नाही.

यातल्या जांभळ्या दिव्याची ओळख मला आधीच झाली होती. पुण्याच्या भाचीने हौसेने एक पाठवला होता. तो लावला त्या रात्री गॅलरीतून असा काही गुलाबी-जांभळा झोत बाहेर पडला, की वॉचमनने सकाळी अदबीने विचारलं, “ताई, कार्य कुणाकडं हाय?” त्या उजेडात पानं काळी दिसतात, हात आजारी दिसतात, आणि पान पिवळं पडतंय की हिरवं आहे हे कळायला दिवा विझवून टॉर्च आणावी लागते. त्यामागचं शास्त्र खोटं नाही. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक ओढून घेतं आणि हिरवा त्यामानाने जास्त परतवतं, म्हणून तर पान आपल्याला हिरवं दिसतं. मग हिरव्यावर पैसे कशाला घालवा, असा हा हिशेब. पण किथ मॅकक्री नावाच्या संशोधकाने १९७२ साली बऱ्याच पिकांची पानं तपासून दाखवलं, की पान हिरवा प्रकाशही वाया घालवत नाही. तोही बऱ्यापैकी पोटात घेतं. थोडक्यात, पानाला सगळं चालतं. खाण्याचे नखरे खोक्यावर छापणाऱ्यांचे आहेत.

खरी अडचण डोळ्यांची आहे. आपला डोळा फार समजूतदार. थोड्यात भागवून घेतो. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि रात्री दिवाणखान्यात ट्यूब लावली की काही शे. शंभरपटींहून मोठी तफावत, पण डोळा बाहुली मोठी करतो आणि म्हणतो, छान लख्ख आहे की! पानाला अशी समजूत घालता येत नाही. ते मोजून घेतं. म्हणून ज्या खोलीत आपण सुखाने वर्तमानपत्र वाचतो, त्याच खोलीत रोप उपाशी असतं. यावर उपाय दिवा मोठा करणं हा नाही, दिवा जवळ आणणं हा आहे. बल्ब दुप्पट लांब नेला की पानावर पडणारा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. लांब ट्यूबचं गणित त्यामानाने दयाळू असतं. छतावरचा महागडा दिवा हरतो आणि वीतभर अंतरावर टांगलेली साधी पांढरी ट्यूब जिंकते, ती याच हिशेबाने.

हे सगळं माझ्या साताऱ्याच्या मामांना कुठलंही पुस्तक न उघडता माहीत होतं. त्यांचं घर यवतेश्वराच्या पायथ्याकडे. पावसाळ्यात ढग तिथे घरातल्या माणसासारखे वावरतात. स्वयंपाकघरातल्या जुन्या मांडणीच्या खालच्या फळीखाली मामांनी चार फुटी एलईडी ट्यूब दोन साखळ्यांनी टांगली आहे, झोपाळ्याच्या जुन्या कड्या होत्या त्या. रोपं वाढली की साखळीची एकेक कडी वर चढवायची. ट्यूब आणि शेंडे यांच्यात कायम त्यांची वीत मावते का, ते रोज सकाळी हात घालून बघतात. जांभळ्या दिव्याचा फोटो दाखवला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अगं, रोपं वाढवायची आहेत की नाचवायची?” मग हिशेब मांडला. ट्यूब दोन-तीनशेच्या घरातली, वीस वॅटची. सोळा तास जळली तर दिवसाला पाव युनिटाहून थोडी जास्त, महिन्याला दहा युनिटांच्या आत. “एवढ्यात तुमच्या सांगलीत भेळ तरी येते का?” सांगलीच्या भेळेचा अपमान मी नात्याखातर गिळला.

पण त्या फळीखालच्या उजेडाकडे बघताना मला वेगळीच गंमत वाटत राहिली. सह्याद्रीवर जे ढग येतात, ते माझ्या रोपांचं ऊन खातात, आणि तेच ढग पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागरात रिते होतात. तिथलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीच्या वीजघरांकडे उतरतं. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिली आहे. उरलेली कोयना पूर्वेला वाहत कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि आमच्या आयर्विन पुलाखालून पुढे जाते. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना जेवलात का हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कोयनेचा विसर्ग किती, आणि आयर्विनला पाणी किती फुटांवर. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यांसारखं पाठ असतं. तारेतल्या विजेच्या अंगावर तिचं गाव लिहिलेलं नसतं हे मलाही कळतं. तरी वाटतं, ढगाने आषाढात उचलून नेलेलं माझं ऊनच डोंगर उतरून, खांबाखांबावरून चालत, मीटरमधून मोजून परत येतंय. आपलंच ऊन, फक्त आता त्याचं बिल येतं.

आणि घरात रोप वाढवणं आपल्याला नवीन कुठे आहे? घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली काळी माती येते, त्यात गहू, ज्वारी, मका, हरभरा, जवस पेरतात, मधे पाण्याने भरलेला घट, वर रोज एक माळ. देवघरात ऊन शिरत नाही. उजेड काय तो नंदादीपाचा. त्या मिणमिणत्या ज्योतीवर पानाचं पोट भरणं शक्य नसतं. कोंब वाढतात ते दाण्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून ते पिवळेधमक निघतात, आणि उजेड शोधत भराभर उंच होतात. माझ्या ट्रेमध्ये जो दोष, तोच देवघरात कौतुकाचा विषय. आजी घटासमोर बसून म्हणायची, “यंदा धान कसं सोन्यासारखं आलंय!” त्या दाट पिवळ्या गर्दीकडे ती रब्बीचा कौल म्हणून बघायची, कारण उगवलेलं धान म्हणजे घरातलं बियाणं जिवंत असल्याची खूण. आज मला वाटतं, तिला ते रोप जगवायचं नव्हतंच. तिला फक्त विचारायचं होतं, उगवणार आहेस ना? मिरचीचं तसं नाही. तिला पुढे फळायचं आहे, त्यामुळे नुसत्या कौतुकावर तिचं भागत नाही.

रात्र झाली की मामा ट्यूब मालवतात. जास्त उजेड दिला तर जास्त वाढतील, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “तू झोपतेस ना?” एवढंच ते म्हणाले. टोमॅटोवर अखंड उजेड ठेवला तर पानं पिवळी पडून खराब होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. झाडं अंधारही मोजतात. शेवंती रात्र लांबल्याशिवाय कळ्या धरत नाही, म्हणून फुलं लांबवायची असली की शेवंतीवाले रात्री तिच्यावर दिवे लावून तिची झोपमोड करतात. ड्रॅगन फ्रूटचं याच्या उलट. जत-कवठेमहांकाळच्या माळावर आता ते बघायला मिळतं. व्हिएतनाममधल्या त्याच्या बागा हंगाम नसताना फुलवायच्या म्हणून रात्रभर उजळलेल्या असतात. एकीला जागवून कळी रोखायची, दुसऱ्याला जागवून कळी काढायची. माणसाने कुणालाच नीट झोपू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. निदान मिरचीला तरी तिची आठ तासांची रात्र द्यावी.

तीन-चार आठवड्यांनी रोप बोटभर जाड नसलं तरी ताठ असतं, खऱ्या पानांच्या दोन जोड्या आलेल्या असतात, आणि त्याला बाहेर न्यायची वेळ येते. ट्यूबखाली वाढलेलं हे पान सांगलीच्या भाद्रपदी उन्हात एकदम ठेवलं तर दुपारपर्यंत पांढरं पडून करपतं. म्हणून पहिले काही दिवस सकाळी तासभर, मग दोन तास, आणि बाकी वेळ त्याच्यावर जुनी ओढणी. ज्यासाठी पैसे मोजून ऊन आणलं, त्यालाच आता उन्हापासून झाकायचं. गॅलरीत ओढणी ताणताना समोरच्या वहिनींनी बघितलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे त्या वेळी खरं ऊन होतं.

तुम्हालाही यंदा रोपं टाकायची असतील, तर जांभळ्या दिव्याच्या नादी लागू नका. खोक्यावर ६५०० के किंवा कूल डेलाइट लिहिलेली साधी चार फुटी एलईडी ट्यूब घ्या, शेंड्यांपासून वीतभर उंचीवर टांगा, चौदा ते सोळा तास चालू ठेवा आणि झोपताना आठवणीने बंद करा. उरलेल्या पैशांत बियाणं चांगलं घ्या. रोपाला दिव्याची किंमत कळत नाही, अंतर मात्र बरोबर कळतं.