नवनियुक्त शिक्षण सेवकाने घरच्यांचे आभार कसे मानावेत: सुधारित कार्यपद्धती

ज्याअर्थी पवित्र पोर्टलच्या यादीत आमच्या भाच्याचे नाव लागले, ज्याअर्थी त्याला जिवती तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, आणि ज्याअर्थी तेव्हापासून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आईबाबांच्या ऋणाचा पूर आला आहे, त्याअर्थी घुग्घुस व परिसरातील तमाम नवगुरुजींसाठी पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत.

स्टेटस ठेवू नये. वेकोलिच्या कोळसा खाणीतून रात्रपाळी करून आलेला बाप आधी आंघोळ करतो, मग झोपतो. आईला मोबाइल फक्त उचलता येतो. स्टेटस वाचतात ते डीएडचे सोबती, ज्यांचे नाव यादीत लागले नाही.

पहिल्या पगाराची साडी आधी जाहीर करू नये. शिक्षण सेवकाला प्राथमिक शाळेत महिना 16,000 रुपये मानधन मिळते, तेही तीन वर्षे. (2023 पूर्वी ते 6,000 होते, म्हणून जुने सहकारी तुमच्याकडे सावकाराकडे पाहावे तसे पाहतील. पाहू द्यावे.) शालार्थ आयडी निघेपर्यंत त्यातलेही काही हाती येत नाही. तोवर खोलीचे भाडे आणि गाडीचे पेट्रोल बापाच्या खिशातून जाते, त्यामुळे आभार मानायचा खर्चही सध्या त्याच्याच नावे पडतो.

शनिवारी कपड्यांची पिशवी घेऊन घरी येऊ नये. हा नियम ठळक अक्षरात वाचावा. घुग्घुसला दोरीवर पांढरा शर्ट टाकला की संध्याकाळपर्यंत त्यावर कोळसा बसतो. भाच्याच्या डीएडच्या दिवसांत ताईने त्याचे शर्ट स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या दोरीवर, एकेक करून वाळवले. साहेबांची समजूत, पांढरा शर्ट मुळातच पांढरा राहतो. जिवतीला विहीर आहे, बादली आहे, हात दोन आहेत. धुवा की!

पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. कारण विचारू नये.

आता वर्गाकडे वळू. जिवतीच्या डोंगरात पोरे घरी गोंडी बोलतात, कोलामी बोलतात, गोरमाटी बोलतात. सीमेवरच्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, त्यामुळे तिथे शाळाही दोन्ही राज्यांच्या. पटसंख्येसाठी एवढी चुरस असताना पहिलीच्या पोरांपुढे पियाजे काढू नये. पाण्याला, कोंबडीला, आजीला तुम्ही काय म्हणता, ते त्यांनाच विचारावे आणि मोठ्याने चुकीचे म्हणावे. पोरे खदखदून हसतात. हसलेले पोर दुसऱ्या दिवशी येते, सोबत भावालाही आणते.

ही युक्ती कुठल्या पेपरात नाही. अशीच दुसरी एक आहे, ती तर भाच्याने स्वतः पाहिलेली आहे. ताईला वाचता येत नाही. ती लसूण सोलत बसायची आणि हा पाढे म्हणायचा. सतराच्या पाढ्याला अडखळला की तिला आकडा कळत नसे, पण सूर मोडल्याचे बरोबर कळे. मान वर न करता ती म्हणायची, "मागं जाय, बाबू." मारले नाही, उत्तर सांगितले नाही, शेजारच्या पोराचे उदाहरण दिले नाही. मागं जाय, एवढेच. बालमानसशास्त्रात या गड्याला चांगले गुण पडले आणि परवा मलाच विचारत होता, मामा, अडलेल्या पोराचं काय करू? अरे, घरी विचार ना!

शेवटी फ्लेक्स. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर नेते आठ, शुभेच्छुक असंख्य, आणि कोपऱ्यात आधार कार्डावरून काढलेला ताईचा फोटो. तो पाहून ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मामाचे नाव नाही; त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, फक्त नोंद आहे. पावसाळ्यापूर्वी सदर फ्लेक्स उतरवून ताईच्या ताब्यात द्यावा, न्हाणीघराचे छप्पर गळते. टाकताना नेत्यांची तोंडे आभाळाकडे ठेवावीत. माणूस आंघोळीला बसल्यावर वरून आठ जणांनी पाहायचं नाही, असं तिने बजावून सांगितलं आहे.