पेटी भरली आहे

आमच्या लोकप्रतिनिधींना, म्हणजे भाऊंना, ईमेल पाठवला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. इतकं तत्पर उत्तर आमच्या मतदारसंघात आजवर कुणाला मिळालं नसेल. फक्त ते भाऊंचं नव्हतं, यंत्राचं होतं. आपण ज्यांना संदेश पाठवला त्यांची पेटी भरलेली आहे, सबब संदेश परत येत आहे.

पेटी म्हटल्यावर काही मंडळींचे कान भलत्याच कारणानं टवकारले असतील. त्यांनी शांत व्हावं. ही टपालाची पेटी. ती दुसरी पेटी भरून परत आल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

पत्रात फार काही नव्हतं. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या केंद्रीय अधिसूचनेचा मसुदा 2014 पासून निघतोच आहे, तो अंतिम कधी व्हायचा आणि त्यावर आपलं म्हणणं काय, एवढंच विचारलं होतं. चार ओळी. फोटो नाही, शेर नाही, शेवटी हात जोडलेले नाहीत.

आता, पेटी भरली म्हणजे नेमकं झालं काय, याचा जरा हिशेब करू. फुकटात मिळणाऱ्या पेटीत 15 जीबी जागा असते. साधं पत्र फार तर 10 केबीचं. म्हणजे 15 लाख पत्रं आल्याशिवाय ती भरायची नाही. विधानसभेच्या एका मतदारसंघात मतदार साधारण तीन लाख. याचा अर्थ यादीतल्या प्रत्येकानं, त्यात दोन गावांत नाव असलेले आले, वारलेले आले, नोकरीला पुण्या-मुंबईत राहून नाव गावी ठेवलेले आले, अशा प्रत्येकानं भाऊंना पाच-पाच पत्रं लिहिली. एवढा जागरूक मतदारसंघ हिंदुस्थानात दुसरा नसावा. पण मी इथलाच रहिवासी आहे. इथे टँकर दोन दिवस आला नाही तर लोक रस्त्यावर हंडे मांडतात, सरपंचाच्या दारात उभे राहतात, शिव्या देतात. पत्र कुणी लिहीत नाही.

तेव्हा पेटी भरली ती बॅनरनी, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. एक बॅनर पाच एमबीचा धरला तर तीन हजार बॅनरमध्ये काम होतं, आणि तीन हजार म्हणजे फार नव्हेत, भाऊंचे दोन-तीन वाढदिवस. बॅनर कसा तयार होतो ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हे पटेल. डिझायनर पहिला नमुना पाठवतो. त्यात भाऊ मध्यभागी, गॉगल लावून, मागे उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांची वीसेक तोंडं. हा झाला मसुदा. मग हरकती सुरू होतात. तालुकाध्यक्षांची हरकत: माझं तोंड युवा आघाडीच्या पोरापेक्षा लहान का? युवा आघाडीची सूचना: ‘भावी नगरसेवक’ पिवळ्यात घ्या. सरपंचांची हरकत: माझा फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा मला मिशी होती. एका माजी उपसभापतींचं नाव राहून जातं. ते फोन करत नाहीत, नुसते तीन दिवस कार्यालयात येत नाहीत, आणि तेवढ्यानं योग्य तो संदेश पोहोचतो. प्रत्येक हरकत ऐकून घेतली जाते. कुणालाही साठ दिवस थांबावं लागत नाही. कुणाची हरकत विहित नमुन्यात नाही म्हणून फेटाळली जात नाही. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल फायनल’, ‘फायनल फायनल भाऊ ओके’ अशा पायऱ्या चढत तिसऱ्या दिवशी पहाटे बॅनर चौकात लागलेला असतो, तोही ट्रॅफिकचा सिग्नल झाकून. लोकसहभागातून घेतलेला, सर्व घटकांना सामावून घेणारा, मुदतीत अंमलात आलेला असा दुसरा निर्णय मला कुणी दाखवावा.

आणि आता दुसरा मसुदा बघा. 56,825 चौरस किलोमीटर, सहा राज्यं, त्यात महाराष्ट्राचे 17,340. या पट्ट्यात नवी खाण नको, दगडखाण नको, वाळूउपसा नको, औष्णिक वीजप्रकल्प नको, प्रदूषणाच्या लाल वर्गातले कारखाने नकोत, 20 हजार चौरस मीटरवरची बांधकामं नकोत. पहिला मसुदा 10 मार्च 2014 रोजी आला. मग 4 सप्टेंबर 2015. मग 27 फेब्रुवारी 2017, मग 3 ऑक्टोबर 2018, मग 6 जुलै 2022, आणि सहावा 31 जुलै 2024. सहा वेळा साखरपुडा झाला, लग्न काही लागेना. दर वेळी मंडप, दर वेळी साठ दिवसांत हरकती व सूचना पाठवण्याचं आवाहन, दर वेळी खाली तो ईमेलचा पत्ता.

मसुद्यालाही वय असतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ठरलेल्या दिवसांत अंतिम झाला नाही तर तो आपोआप बाद होतो. सुरुवातीला ही मुदत 545 दिवसांची होती. पहिल्या मसुद्यानंतर दुसरा आला तो 543व्या दिवशी. दुसऱ्यानंतर तिसरा, 542व्या दिवशी. जीव जायला दोन-तीन दिवस उरलेले असताना नवा जन्म. ही अचूकता योगायोगानं येत नाही, तिच्यासाठी कुणीतरी भिंतीवर कॅलेंडर लावून, तारखेला गोल करून बसावं लागतं. म्हणजे माणूस आहे, कॅलेंडर आहे, पेन आहे. पुढे मुदत वाढवून 725 दिवस करण्यात आली. विचार करायला वेळ कमी पडत होता.

‘आता सगळं ऑनलाइन आहे, घरबसल्या कायद्यावर लक्ष ठेवता येतं,’ असं मला एका उत्साही गृहस्थांनी सांगितलं. खरं आहे ते. घरबसल्या राजपत्र उघडता येतं. घरबसल्या त्यातली गावांची यादी उघडता येते, पानामागून पान, जिल्हा, तालुका, गाव. आपलं गाव आत आहे की बाहेर, एवढंच शेतकऱ्याला बघायचं असतं. शोधाच्या चौकटीत गावाचं नाव देवनागरीत टाकलं की पीडीएफ म्हणते, असं काही सापडलं नाही. कारण डोळ्यांना दिसणारी अक्षरं आणि पोटातली अक्षरं वेगळी. कॉपी करून बघा, गावाच्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि डॉलर उमटतात. मग इंग्रजीत शोधा. वाडीचा ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? खुर्द एकत्र की सुटं? आमच्या शेजारचे आजोबा नातवाला जवळ बसवून हा खेळ एक अख्खी दुपार खेळले. शेवटी नातू म्हणाला, आजोबा, बहुतेक आपलं गावच नाही. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, मग घरपट्टी कोण भरतंय?

या ऑनलाइन लोकसहभागाची सर्वात मोठी जत्रा 2020 साली भरली होती. प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची जी 2006ची अधिसूचना आहे, ती बदलायचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला तो 11 एप्रिल 2020 रोजी. तारीख पुन्हा वाचा. देशाला कुलूप लागून अडीच आठवडे झाले होते. दूध आणायला बाहेर पडलेल्या माणसाच्या पायावर काठी बसत होती, आणि राजपत्र सांगत होतं, साठ दिवसांत हरकती नोंदवा. तेही हिंदी आणि इंग्रजीत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बाकीच्या भाषांत तो मसुदा द्या, हे न्यायालयाला सांगावं लागलं, आणि मुदत 11 ऑगस्टपर्यंत गेली तीही न्यायालयामुळेच. त्या मसुद्यात आणखी एक गंमत होती: जनसुनावणीत लोकांना म्हणणं मांडायला जे 30 दिवस मिळत, ते 20 करायचे होते. म्हणजे लोकांना कमी विचारावं का, हे लोकांना विचारलं होतं. तरी लोकांनी लिहिलं. घरात कोंडलेल्या पोरांनी लिहिलं, निवृत्त मास्तरांनी लिहिलं, 15 लाखांहून जास्त पत्रं गेली. वरचा हिशेब आठवत असेल तर, एक अख्खी पेटी भरून वर.

तो मसुदा अंतिम झाला नाही. काहींनी पेढे वाटले. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर सुट्या दुरुस्त्या म्हणून आल्या, काही कार्यालयीन ज्ञापनं म्हणून आल्या, एक आज, एक चार महिन्यांनी, तुकड्या-तुकड्यांनी. ज्ञापनाला हरकती मागवायच्या नसतात. साठ दिवस नाहीत, खाली ईमेलचा पत्ता नाही. सहीचा कागद स्कॅन करून, थोडा तिरका, संकेतस्थळावर चढवला की झालं. मला याचाच संताप येतो. जिथे काही करायचं नसतं तिथे आम्हाला विचारतात, आणि जिथे करायचं असतं तिथे आम्हाला कळवतात. घाट वाचवायचा मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहतो. डोंगर फोडायची परवानगी मात्र मसुदा म्हणून कधी निघाल्याचं कुणी ऐकलं आहे? ती जन्मतःच अंतिम असते. तिच्या मागच्या अटी वाचायच्या, त्या पाळल्या जातात का हे बघायचं, सहामाही अहवाल संकेतस्थळावर शोधायचा, तो उघडत नाही म्हणून माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करायचा, आणि उत्तर काय यायचं, तर सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. हे सगळं नागरिकानं आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळून, स्वतःच्या डेटापॅकमधून करायचं. ज्यांना याच कामाचा पगार आणि नंतर पेन्शनही मिळते, त्यांची पेटी भरली आहे.

पहिला मसुदा निघाला त्याच वर्षी, 30 जुलै 2014 रोजी, माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं. 2021च्या जुलैत तळीये, 2023च्या जुलैत इर्शाळवाडी. 30 जुलै 2024 रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, पहाटे वायनाड, आणि दुसऱ्या दिवशी सहावा मसुदा. मसुदा वेळेत अंतिम झाला असता तर यातलं काय टळलं असतं, हे सांगायला मी भूगर्भतज्ज्ञ नाही. पण डोंगर 545 दिवसांची वाट बघत नाही आणि त्याला मुदतवाढही देता येत नाही, एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही.

भाऊंशी संपर्क होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे साडेपाचला त्यांचा शुभ सकाळ येतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ येते. दरड कोसळली की तासाभरात भावपूर्ण श्रद्धांजली येते, त्यात डोंगर लहान आणि भाऊ मोठे असतात. मतदारसंघाचे चार ग्रुप आहेत आणि चारही ग्रुपच्या तळाशी, जिथे आपण लिहायचं असतं तिथे, बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे: फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.

म्हणून शेवटी कार्यालयात गेलो. साहाय्यक भला माणूस. चहा सांगितला.

‘मेल का? तो भाऊंचा भाचा बघायचा.’

‘मग त्यांना सांगा ना पेटी रिकामी करायला.’

‘तो कॅनडात गेला शिकायला. पासवर्ड त्याच्याकडंच राहिला.’

‘शिकायला म्हणजे काय शिकतोय?’

‘एन्व्हायर्नमेंट,’ साहाय्यक अभिमानानं म्हणाला. मग खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज उतरवून त्यानं खरी गोष्ट सांगितली. ‘काका, तुमचा विषय चुकतोय. पश्चिम घाट असं वर दिसलं की कुणी उघडत नाही. वाढदिवसाचं असलं की भाऊ स्वतः बघतात, कुणाकुणाचं आलं ते.’

तेव्हा ज्यांना लिहायचं असेल त्यांच्या सोयीसाठी सुधारित नमुना खाली देत आहे. गाव, तालुका आपापला घालावा. कोपऱ्यात स्वतःचा फोटो टाकल्यास उत्तम, हात जोडलेला असल्यास अधिक उत्तम.

विषय: वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!

आदरणीय भाऊ,

आपल्या नेतृत्वाखाली मतदारसंघाचा कायापालट होत आहे, डोंगराचा तर झालाच आहे. पश्चिम घाटाचा मसुदा अंतिम व्हावा की होऊ नये, यापैकी आपलं जे मत असेल ते एकदा लेखी कळवावं, पुढच्या मसुद्याला हरकती पाठवताना सोबत जोडता येईल. आई जगदंबा आपणांस उदंड आयुष्य देवो. मसुद्याला 725 दिवसांचंच आहे.

आपला नम्र शुभेच्छुक.