भिजायचे कपडे

मुंबईला पाणी हवं होतं आणि शहापूर तालुक्यात पाऊस मुबलक पडतो, म्हणून तानसा धरण झालं. ते १८९२ साली पुरं झालं. पुढे भातसाही याच तालुक्यात आलं. वर्षभर शहापूरचं पाणी नळाने घेणारा मुंबईकर जुलैच्या रविवारी सहकुटुंब शहापूरला जातो, तेव्हा मात्र त्याची एकच इच्छा असते, की पाण्याचा थेंब अंगाला लागू नये. त्यासाठी मुलांना गळ्यापर्यंत बटणं लावून रेनकोट, आईला छत्री, बाबांना ‘मजबूत’ म्हणून जीन्स आणि सगळ्यांसाठी आजीच्या पिशवीत स्वेटर अशी जय्यत तयारी होते. या तयारीत पैसा आहे, माया आहे, दूरदृष्टीही आहे. फक्त पावसाचा अंदाज नाही. माझं म्हणणं असं, की माहुली, गोरखगड किंवा माळशेजच्या वाटेवर जुलैत भिजणं गृहीतच धरावं. कपडा कोरडा असताना कसा दिसतो हे दुकानदार सांगेलच. भिजल्यावर तो कसा वागतो, हे आपण आधी विचारावं.

रेनकोटचंच बघा. चढणीवर धापा टाकणाऱ्या माणसाला ताशी अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि घामाचं प्रयोजन तेवढंच. रेनकोटच्या आत तो वाळतच नाही. बाहेरचा पाऊस बाहेर आणि आतला पाऊस आत, अशी चोख वाटणी होते, आणि अर्ध्या तासात रेनकोटवाला उघड्यावर चालणाऱ्याइतकाच भिजतो, वर उकडूनही निघतो. मग माथ्यावर पोचल्यावर फोटोसाठी रेनकोट उतरवला जातो. चढताना हवा असलेला गारवा तिथे एकदम आणि व्याजासकट मिळतो, आणि फोटोत सगळे हसताना दिसतात ते निम्मं कुडकुडणं असतं. जीन्सची कथा वेगळी नाही. जाड सुती कापड आपल्या वजनाइतकं पाणी सहज धरून ठेवतं. म्हणजे बाबा गडावर जाताना एक विजार नेतात आणि येताना दोन विजारींचं वजन आणतात. शिवाय ओली जीन्स गुडघ्याला अशी चिकटते, की माहुलीच्या शेवटच्या लोखंडी शिडीवर पाय उचलायचा तर आधी तिची परवानगी काढावी लागते.

याच भागात याच पावसात दिवसभर उभी राहणारी माणसं काय घालतात, हे सहलवाल्यांनी जाताना खिडकीतून पाहिलं तरी पुरे. मुरबाडकडे आवणी चालू असते. बायकांनी साडीचा काष्टा घालून ती गुडघ्यापर्यंत ओढलेली असते आणि वरून घरातल्या पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट. पाठीवर पूर्वी इरलं असे: बांबूच्या कामट्यांची जाळी, मधे पानांचा थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद आला आहे, पण बांधायची रीत तीच. पाठ झाकलेली, पुढची बाजू उघडी, दोन्ही हात मोकळे. पाऊस वरून येतो तेवढाच अडवायचा आणि अंगाची वाफ पुढून जाऊ द्यायची. गुराख्याच्या घोंगडीच्या खोळीचं तत्त्वही हेच. लोकर हवेतली ओल आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत शोषते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊबही देते. चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेल्या घोंगडीवरून पाणी बराच वेळ निथळून जातं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ही सगळी नाइलाजाची व्यवस्था आहे, पैसे असते तर त्यांनीही चांगलं जॅकेट घेतलं असतं. हे खोटं नाही. आवणीत दिवसभर वाकून काम करणं म्हणजे सहल नव्हे, आणि त्या कष्टाचं कौतुक करत बसणं हा रविवारी येणाऱ्यांचा आवडता उद्योग असतो. पण नाइलाजाने सापडलेलं उत्तर चूकच असतं असं नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचा दाखला घ्या. नॉर्वेत कुटुंबंच्या कुटुंबं बर्फावरून स्कीवर मैलोन्‌मैल चालत जातात. त्यांचा सगळा कटाक्ष बर्फापेक्षा घामावर असतो: अंगालगत पातळ लोकर, वर वारा अडवणारा हलका थर, आणि निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे, कारण चालायला लागल्यावर अंग तापणारच. थांबले की मात्र लगेच वरचा जाड कपडा चढतो. उणे दहा अंशांतला स्कीवाला आणि पंचवीस अंशांतली आवणीवाली एकमेकांना न भेटता एकाच निष्कर्षाला आले आहेत. आता ‘श्वास घेणाऱ्या’ महागड्या जॅकेटबद्दल. त्याच्या कापडातून वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असतं म्हणून. नॉर्वेच्या थंड हवेत बाष्प फार थोडं मावतं, त्यामुळे तिथे ते जॅकेट चोख काम करतं. माळशेजच्या ढगात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. तिथे त्या जॅकेटने श्वास घ्यायचा तरी कुठून?

मग घोंगडी पांघरून माहुली चढायची का? नको, भिजली की ती फार जड होते. खरं उत्तर घरातच, मुलाच्या कपाटात असतं: क्रिकेट संघाची पॉलिस्टरची जर्सी. कापूस नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल घेतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. जर्सी झटकली, पिळली, की दहा पावलांत हलकी होते. तिला घामाचा वास लवकर येतो हे मान्य, पण परतीच्या लोकलमध्ये तो वास नेमका कोणाचा, हे ठरवणं अशक्य असतं. भिजलेले कपडे अंगाला चिकटतात, बायकांना अवघडल्यासारखं होतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर आवणीतल्या त्या शर्टात आहे: गडद रंगाचा, सैल, वरून घातलेला. छोट्या मुलाला रेनकोट हवाच, हेही मान्य. पण कडेवर बसलेल्यालाच. तो चालत नाही, त्यामुळे त्याचं अंग तापत नाही, आणि लहान अंग मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं. चालेल त्याला हवा, बसेल त्याला आडोसा, एवढाच नियम. छत्रीबद्दल बोलायचं तर नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहावं. खालून घुसणारा वारा तिथे धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, आणि छत्रीची रचना करणाऱ्याने पाऊस खालूनही येईल असं गृहीत धरलेलं नाही.

उरतं आजीचं स्वेटर. एवढ्या सगळ्या तयारीत अक्कल होती ती तिचीच, फक्त तिने ते कापडी पिशवीत ठेवलं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून प्रत्येकाचा एक कोरडा जोड ठेवला, की सहलीच्या कपड्यांचा प्रश्न मिटला: जे कोरडे राहायला हवेत ते कपडे अंगावर नसतातच. शिवाय बऱ्याच पावसाळ्यांत मुरबाड-शहापूरच्या धबधब्यांवर जाण्यास प्रशासन मनाई करतं. तसा हुकूम निघाला तर तो कुठल्याही जॅकेटपेक्षा जास्त जीव वाचवतो, आणि तो पाळायला काही विकत घ्यावं लागत नाही. त्या रविवारी घरीच बसून भजी खावीत. त्यासाठी मात्र जीन्स चालेल.