केरसुणीबाईंस रजेचे पत्र

सौ. केरसुणीबाई यांस,


गुढीपाडवा तोंडावर आला आहे आणि सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात घरोघरी आपल्याला कोपऱ्यातून बाहेर काढण्याची लगबग सुरू झाली आहे. लक्ष्मीपूजनाला आपल्याला हळदकुंकू वाहतात, चुकून पाय लागला तर माणसे नमस्कार करतात. अशा बाईंच्या कामगिरीवर जाहीर शंका घेणे म्हणजे धाडसच. तरीही विनंती अशी की, पाडव्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत आपण भरपगारी रजेवर जावे. कारण या दिवसांत आपण घरातली धूळ काढत नाही, तिची फक्त बदली करता. जमिनीवरची कपाटावर, कपाटावरची पंख्यावर, आणि पंखा लावला की पुन्हा जमिनीवर.

हा आरोप हवेतला नाही. हवेतल्या कणांचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू निघतो, रान मोकळे पडते, नांगरट सुरू होते, आणि काळ्या मातीचा वरचा थर पीठ होऊन दुपारच्या वाऱ्यावर स्वार होतो. इकडचा पाऊस मुळात बेताचा, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये संपणारा. त्यामुळे ही माती दाबून धरायला पुढे ओलच उरत नाही. घरात येते ती याच मातीची सर्वांत बारीक भुकटी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर हवेत काही मिनिटांत खाली बसतो, पण एका मायक्रॉनच्या कणाला छतापासून फरशीपर्यंत यायला कित्येक तास लागतात. आपल्या शिंदीच्या पात्यांनी खडे, केस, धान्याचे दाणे झकास गोळा होतात. ही भुकटी मात्र आपल्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी उठते आणि घरच्यांच्या नाकातोंडात जाते. कोरड्या फडक्याचीही तीच कथा. कोरड्या हवेत घासल्याने आलेला विद्युतभार लवकर उतरत नाही, म्हणून पुसून चकचकीत केलेला टीव्हीचा पडदा उलट जास्तच धूळ ओढतो. ओल्या फडक्याला मात्र कण चिकटतो आणि बादलीत जातो. एवढ्या साध्या कारणासाठी आपली रजा मागतो आहोत.

यावर पहिली हरकत पाण्याची, आणि ती खरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या गावाला ओल्या फडक्याचे गुणगान ऐकवणाऱ्याने जरा जपून बोलावे. पण फरशीवर बादल्या ओतणे वेगळे आणि घट्ट पिळलेले फडके फिरवणे वेगळे. भाज्या धुतलेले पाणीही त्याला चालते. दुसरी हरकत श्रीमंत घरांची: व्हॅक्यूम क्लीनर आहे ना! आहे, पण चांगली गाळणी नसेल तर तो पुढून धूळ ओढतो आणि तिच्यातला सर्वांत बारीक भाग मागून परत सोडतो. म्हणजे विजेवर चालणाऱ्या केरसुणीबाईच. तिसरी हरकत परंपरेची, आणि तिथे तर परंपराच आमच्या बाजूने उभी आहे. अंगणात सडा टाकायचा तो धूळ बसावी म्हणून, आणि सारवलेली जमीन धूळ धरून ठेवायची. शहाबादी फरशी आली, सारवण गेले, आणि कोरडे झाडणे तेवढे मागे राहिले. शिवाय इकडे वर्षाची खरी मोठी साफसफाई पाडव्याला नसतेच. नवरात्राच्या आधी ‘दसरा काढतात’, वाकळा-गोधड्या नदीवर जातात. तेव्हा पाऊस होऊन गेलेला असतो, हवेतली धूळ बसलेली असते, नदीला पाणी असते. ज्याने हा मुहूर्त ठरवला त्याला हवामान कळत होते.

उरली शेवटची कुरकूर: पुसले तरी संध्याकाळी धूळ परत येतेच. येणारच. म्हणूनच एका दिवसात घर उलथेपालथे करण्याचा पाडव्याचा पराक्रम व्यर्थ आहे. त्यापेक्षा दुपारी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात, रोज एकेक खोली पुसावी, आधी पंखा आणि शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते.

छताची जळमटे आणि अंगणातला पाचोळा ही खाती कुंचा आणि खराटा सांभाळतील, त्यांची काळजी नसावी. आपल्या रजेचा अर्ज आम्ही भरून ठेवला आहे. पाडव्याच्या आत सही करून द्यावी आणि मृगाचा पाऊस पडला की कामावर रुजू व्हावे.